बाहेर बसून चित्र काढण्यासाठी हलका रंगडबा घरी कसा बनवावा?

मलप्रभा_काठ (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी हलशी, जांबोटी, कणकुंबी या भागांत, कधी बेळगावजवळ येळ्ळूरच्या राजहंसगडावर निसर्गचित्रे काढायला जाते. माझ्याजवळ पेटी आणि पाय एकत्र असलेला जुना सागवानी इझल (चित्र टेकवण्याची घोडी) आहे. रंग, तेल आणि फलक भरले की तो सहा-सात किलोंच्या घरात जातो. बसच्या गर्दीत तो ठेवायचा कुठे हा एक प्रश्न, आणि फाट्यावर उतरून आत चालत जायचे म्हटले, तर चित्राला सुरुवात होण्याआधीच खांदा अवघडून गेलेला असतो.

म्हणून मला ६ × ८ इंची चित्रांपुरता, साध्या खांद्याच्या पिशवीत मावेल असा छोटा रंगडबा घरीच बनवायचा आहे. परदेशी चित्रकार ज्याला पोशाद बॉक्स म्हणतात, त्या जातीचा. झाकण उघडले की त्यावर फलक टेकावा, खाली पॅलेट असावी आणि डबा कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर घट्ट बसावा, एवढीच अपेक्षा आहे. तयार डबे ऑनलाइन मिळतात, पण त्या किमतीत माझे वर्षभराचे रंग येतील. काम मुख्यतः तैलरंगांचे आहे. हातकरवत, ड्रिल, पटाशी आणि गुण्या एवढी हत्यारे घरात आहेत.

प्लायवूड किती जाडीचे घ्यावे, झाकण हव्या त्या कोनात कसे थांबवावे, ओले चित्र घरी कसे आणावे आणि ट्रायपॉडचा स्क्रू डब्याला कसा बसवावा, याविषयी ज्यांनी असे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. डबा, रंग आणि ट्रायपॉड मिळून वजन अडीच किलोंच्या आत राहिले, तर फार बरे होईल.

टिळकवाडीचा_कुंचला

ताई, प्लायवूड आणण्याआधी एक काम करा. सध्याच्या पेटीतील प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवून कागदावर आकडे मांडा. हलका डबा बनवणारे बहुतेक लोक लाकडाचे ग्रॅम मोजतात आणि त्यात रंगांच्या मोठ्या ट्यूबा तशाच भरतात. ४० मिलिलिटरची टायटॅनियम व्हाइटची ट्यूब हातात घेतली तरी तिचे वजन कळते, कारण ते रंगद्रव्यच जड असते. ६ × ८ इंची चित्राला त्या ट्यूबेतील फार थोडा रंग लागतो. पांढरा सोडून बाकीचे रंग ९ मिलिलिटरच्या ट्यूबांत न्यावेत, किंवा घरूनच पॅलेटच्या कडेने काढून न्यावेत. आपल्या भागाच्या निसर्गचित्राला पांढरा, एक थंड व एक उबदार पिवळा, एक लाल, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढे पुरते. खानापूरची तांबडी माती, कौले आणि पावसाळ्यातील हिरवळ यातूनच निघते. हिरव्या रंगाची तयार ट्यूब न्यायचा मोह होतो, पण जांबोटीच्या रानातला हिरवा कोणत्याही ट्यूबेत मिळत नाही.

आकार मात्र तुम्ही योग्य निवडला आहे. कॅनडाचे चित्रकार टॉम थॉमसन, ज्यांचे १९१७ मध्ये निधन झाले, रानात बसून साधारण २१ × २७ सेंटिमीटरच्या फळ्यांवर रंगवत असत आणि त्यांची मोठी चित्रे पुढे त्यांवरूनच उभी राहिली. लहान फलकामुळे डबा लहान होतो, डबा लहान झाला की ट्रायपॉडही हलका चालतो. पुढची सगळी बचत या एका निर्णयातून निघते.

टर्पेंटाइनची बाटली बसने नेऊ नका. वासाचा त्रास इतरांना होतो आणि तो ज्वलनशील पदार्थ आहे. जागेवर कुंचला फडक्याने पुसून थोड्या जवसाच्या तेलात खळबळवला तरी काम भागते, नीट धुणे घरी करता येते. तेल लागलेली फडकी मात्र पिशवीत बोळा करून ठेवू नयेत. जवसाचे तेल हवेशी संयोग पावून वाळताना उष्णता सोडते आणि दाबून ठेवलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. घरी आल्यावर ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

रंधा_आणि_पटाशी

माझा व्यवसाय सुतारकामाचा आहे, चित्रकलेचा नाही; परंतु बेळगावातील दोन-तीन चित्रकारांसाठी असे डबे केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

६ × ८ इंच म्हणजे १५२ × २०३ मिलिमीटर. त्यासाठी डब्याची आतली मापे २१० × १६० मिलिमीटर, खालच्या भागाची आतली खोली ३५ आणि झाकणाची २० मिलिमीटर धरावी. तळ आणि वरचा पत्रा ३ मिलिमीटर प्लायवूडचा, चारही बाजू ६ मिलिमीटरच्या. या मापाने दोन्ही पत्र्यांचे मिळून वजन सव्वाशे ते दीडशे ग्रॅम आणि बाजूंचे साधारण तेवढेच भरते. हेच पत्रे १२ मिलिमीटर जाडीचे घेतले, जसे फर्निचरवाले सवयीने सुचवतील, तर केवळ त्या दोन पत्र्यांचेच वजन पाचशे ते सहाशे ग्रॅमवर जाते आणि मजबुतीत त्याचा काही उपयोग होत नाही, कारण इतक्या लहान डब्याला मजबुती कोपऱ्यांच्या सांध्यातून मिळते, पत्र्याच्या जाडीतून नव्हे.

प्लायवूड घेताना दुकानदार आय.एस. ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय दाखवील. ते पाण्याला उत्तम टिकते, पण आपल्याकडे मिळणारे बहुधा जड लाकडाचे असते. आय.एस. ३०३ प्रतीचे, हलक्या लाकडाच्या थरांचे प्लाय घेऊन कडा नीट बंद केल्या, तर चित्रकाराच्या डब्याला ते पुरेसे आहे. उचलून पाहूनच घ्यावे. एकाच जाडीच्या दोन तुकड्यांच्या वजनातला फरक हाताला कळतो. बाजूंसाठी शिवणीचे लाकूड मिळाले तर सोन्याहून पिवळे. ते हलके असते, वाळल्यावर सहसा वाकत नाही आणि पटाशीखाली मऊ चालते. सागवान वापरू नका असे मी म्हणणार नाही, पण या कामाला त्याची गरज नाही. झाकणाचा पत्रा मात्र अखंड लाकडाचा करू नये. मार्चमधील कोरड्या हवेत चपखल बसवलेली फळी जुलैमध्ये रुंदीला फुगते आणि झाकण अडकते, प्लायवूडचे तसे होत नाही.

आता करण्याची पद्धत. खालचा भाग आणि झाकण वेगवेगळे बनवू नयेत. हातकरवतीने कितीही काळजीपूर्वक कापले तरी दोन चौकटी एकमेकींशी मिलिमीटरभर चुकतातच. त्याऐवजी बाजूंच्या पट्ट्या ५७ मिलिमीटर रुंद कापून, तळ आणि वरचा पत्रा दोन्ही चिकटवून, चारही बाजूंनी पूर्ण बंद असा एक डबा करावा. जलरोधक फेविकॉल लावून, गुण्याने कोपरे तपासून, सुतळीने आवळून रात्रभर ठेवावा. दुसऱ्या दिवशी चारही बाजूंवर झाकणाच्या कडेपासून सारख्या अंतरावर रेघ मारावी आणि त्या रेघेवरून बारीक दातांच्या करवतीने डबा चिरून दोन भाग करावेत. करवतीच्या पात्यात दीड-दोन मिलिमीटर जातात, म्हणून ५५ ऐवजी ५७ सांगितले. चिरलेल्या कडा सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासल्या की झाकण आणि डबा असे जुळतात की लाकडाच्या रेषासुद्धा एकमेकींना मिळतात. फक्त एक खबरदारी घ्यावी: खालच्या चौकटीत पॅलेट टेकवण्याच्या पट्ट्या आणि झाकणातील फलकांच्या खाचा डबा बंद करण्यापूर्वीच कराव्यात.

पॅलेट टेकवण्याच्या पट्ट्या तळापासून २० मिलिमीटर उंचीवर असाव्यात. खालच्या जागेत लहान ट्यूबा आणि कुंचले बसतात, वर पॅलेटसाठी ३ मिलिमीटर सोडूनही रंगाच्या ढिगाला १२ मिलिमीटर मोकळी जागा उरते. पॅलेट ३ मिलिमीटर ॲक्रिलिकची करावी. त्या मापाची काच अडीचशे ग्रॅमच्या जवळ जाते, ॲक्रिलिक तिच्या निम्म्यात येते आणि पडून फुटत नाही. ॲक्रिलिकच्या मागच्या बाजूस मध्यम करडा रंग द्यावा. पांढऱ्या पॅलेटवर उन्हात प्रत्येक मिश्रण आहे त्यापेक्षा गडद वाटते, असे माझ्याकडचे चित्रकार सांगतात. लांब दांड्याचे कुंचले या डब्यात मावणार नाहीत. दांडे २०० मिलिमीटरवर कापून टोक घासून घ्यावे लागतील, त्याचा जीवाला त्रास होतो हे मला ठाऊक आहे.

झाकण थांबवण्यासाठी घट्ट फिरणाऱ्या खास बिजागऱ्या मिळतात, पण त्या महाग आणि जड असतात. मागे दोन साध्या पितळी बिजागऱ्या लावाव्यात आणि दोन्ही कुशींना २ मिलिमीटर जाडीची, १२ मिलिमीटर रुंदीची ॲल्युमिनियमची पट्टी बसवावी. पट्टीचे एक टोक झाकणाच्या कुशीवर फिरते राहील, दुसऱ्या टोकाकडे लांब खाच असेल, आणि ती खाच खालच्या डब्याच्या बोल्टवरून सरकेल. हवा तो कोन आला की बाहेरून विंग नट (हाताने फिरवता येणारा, पंखांचा नट) आवळावा. बोल्टचे डोके आतल्या बाजूने अराल्डाइटने पक्के करावे, अन्यथा नट फिरवताना बोल्टही सोबत फिरतो. पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर घालावा. लोखंडी वायसर लाकूड खातो आणि काही दिवसांनी पकड सैल होते. एकाच कुशीला पट्टी लावून चालते असे काही जण म्हणतात. राजहंसगडाच्या वाऱ्यात फलक शिडासारखा ताणला जातो, तेथे दोन्ही बाजू हव्यात.

३ मिलिमीटर प्लायमध्ये स्क्रू धरत नाही. बिजागऱ्यांचे स्क्रू ६ मिलिमीटरच्या बाजूत जावेत आणि ते लहान असावेत, किंवा आरपार रिव्हेट मारावी.

उद्यमबाग_लेथ

वरील सर्व योग्य आहे, ट्रायपॉडच्या जोडणीबद्दल मात्र कोणी लिहिलेले नाही, आणि हे डबे बहुधा तेथेच निकामी होतात.

कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंच व्यासाचा आणि इंचाला २० आट्यांचा असतो. हार्डवेअरच्या दुकानात किंवा आमच्या उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात तुम्ही फक्त नट मागितला, तर हाती ६ मिलिमीटरचा मेट्रिक नट पडण्याची शक्यता अधिक. तो दिसायला जवळपास तसाच असतो. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि आट्यांमधील अंतर १.२७ मिलिमीटर, तर ६ मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांत ते अंतर १ मिलिमीटर असते, त्यामुळे स्क्रू त्यात शिरतच नाही आणि जबरदस्ती केली तर ट्रायपॉडचे आटे मारले जातात. म्हणून मागताना ‘पाव इंची, २० आट्यांचा’ असे स्पष्ट सांगावे. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचा पाव इंची टॅपही (आटे पाडण्याचे हत्यार) चालतो. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो आणि आजच्या ट्रायपॉडचा ६० अंशांचा, पण इंचाला आटे तेवढेच असल्यामुळे एवढ्या कमी लांबीत अडचण येत नाही. कॅमेऱ्याचा हा स्क्रू मुळात व्हिटवर्थ मापाचाच होता.

दुसरी गोष्ट खोलीची. ट्रायपॉडच्या प्लेटमधून स्क्रू फक्त ५ मिलिमीटरच्या आसपास वर येतो. जाड ठोकळ्यात आतल्या बाजूने टी-नट (टोपी आणि आटे असलेली नळी यांचा, लाकडात ठोकायचा नट) ठोकला आणि त्याची नळी खालच्या पृष्ठभागापर्यंत आली नाही, तर स्क्रू आट्यांपर्यंत पोहोचतच नाही. तळाच्या ३ मिलिमीटर प्लायवर आतून ६ मिलिमीटरचा ६० × ६० चा तुकडा चिकटवावा, दोन्ही मिळून ९ मिलिमीटर होतील, आणि सर्वसाधारण पाव इंची टी-नटची नळी तेवढ्यात बरोबर उरते. टी-नटची टोपी डब्याच्या आत असावी, म्हणजे स्क्रू आवळताना नट लाकडात अधिकच रुततो. बाहेरून ठोकला तर आवळताना तोच उपटून येतो.

याहून पक्के काम हवे असेल, तर ५० × ५० मिलिमीटरची ६ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची प्लेट घेऊन तिच्यात आटे पाडून घ्यावेत. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास. ३ मिलिमीटरची प्लेट घेऊ नये, तिच्यात जेमतेम दोन आटे बसतात आणि ते लवकर झडतात. भोक डब्याच्या बरोबर मध्यात पाडू नका. झाकण उघडून मागे कलले की वजन मागे सरकते, म्हणून बिजागऱ्यांच्या बाजूला २०-२५ मिलिमीटर सरकवावे. प्लेट चिकटवण्यापूर्वी उघडा डबा, फलक लावून, बोटावर तोलून पाहिला तर नेमकी जागा सापडते.

निपाणीकर_जलरंग

माझे मत थोडे वेगळे आहे. हलकेपणा हाच हेतू असेल तर तैलरंगांचा आग्रह का? जलरंगाच्या हाफ पॅनचा (वाळलेल्या रंगाच्या लहान वाटीचा) आकार सुमारे १९ × १६ मिलिमीटर असतो आणि असे बारा पॅन तळहाताएवढ्या पत्र्याच्या डबीत बसतात. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त ट्यूबेतील रंग पॅनमध्ये ओतला तर वाळून भेगा पडतात आणि तुकडे सुटतात. तो दोन-तीन पातळ थरांत, मधे वाळू देऊन, ग्लिसरीनचा एखादा थेंब मिसळून भरावा. ५ मिलिमीटर सनबोर्डचा (प्लास्टिक फोमच्या हलक्या फलकाचा) तुकडा, त्यावर ३०० ग्रॅमी (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद, चार क्लिपा, पाण्याची छोटी बाटली. ट्रायपॉड नको, बिजागरी नको, उद्यमबागही नको. सनबोर्ड ओला झाला तरी पुसला की कोरडा.

कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या परिसरात केलेली जलरंगातील चित्रे पाहिली, की साधन किती लागते याविषयीचे आपले समज तपासून घ्यावेसे वाटतात.

मलप्रभा_काठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वजन करून पाहिले. पेटीतील ट्यूबा, तेलाची बाटली आणि कुंचले मिळून पेटीच्या लाकडाच्या वजनाशी स्पर्धा करतात, हे खरेच डोळे उघडणारे होते. ट्यूबांतील निम्मे रंग मी गेल्या वर्षात उघडलेलेही नव्हते.

निपाणीकरांचा मुद्दा मान्य आहे आणि प्रवासातील झटपट नोंदींसाठी तशी डबी करणारच आहे. परंतु हलशीच्या देवळाच्या दगडावर दुपारचे ऊन सरकताना जे पुन्हा पुन्हा पुसून, वरून रंगवून पकडावे लागते, ते मला तैलरंगातच जमते. शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की जलरंगाचा एक थर वाळायला वाट पाहावी लागते.

दोन शंका उरल्या आहेत. झाकणातील खाचांत ओले फलक ठेवले, तर त्यांच्यामध्ये किती अंतर हवे? आणि पावसाळ्यात डब्याला बुरशी येऊ नये म्हणून आतून काय लावावे?

रंधा_आणि_पटाशी

खाचा दोन पुरेत. ३ मिलिमीटर फलकासाठी साडेतीन मिलिमीटर रुंदीची खाच आणि दोन खाचांमध्ये ६ मिलिमीटर मोकळी जागा. पुढच्या खाचेत जे चित्र चालू आहे ते, मागच्या खाचेत आधीचे, रंगाची बाजू आत करून. एका कुशीला खाचेचे तोंड उघडे ठेवून तेथे फिरती पितळी कडी लावली की फलक बाजूने सरकवता येतो. खाच पटाशीने कोरण्यापेक्षा बारीक पट्ट्या चिकटवून तयार करावी, हातकामात ती अधिक सरळ येते. पट्टी फलकावर चार मिलिमीटरहून अधिक चढू देऊ नये, कारण तेवढी कड रंगवायची राहते.

फलकही हलके करता येतात. या मापाचा ३ मिलिमीटर एमडीएफचा तुकडा सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतो, तर ३०० ग्रॅमी कागदाचा अवघा नऊ ग्रॅम. कागदाला दोन्ही बाजूंनी ॲक्रिलिक जेसो (रंगाखालचे पांढरे अस्तर) देऊन तो एकाच पातळ फळीवर चिकटपट्टीने लावला, तर तैलरंगालाही चालतो. मात्र ओला कागद खाचेत नीट उभा राहत नाही, त्यामुळे ज्या दिवशी एकाहून अधिक चित्रे करायची असतील त्या दिवशी कडक फलकच न्यावा.

बुरशीसाठी आतून जवसाचे तेल चोळू नका, असे मी सांगेन, जरी लाकडी पॅलेटला ते उत्तम असले तरी. बंद डब्यात ते पावसाळ्यात वाळत नाही, चिकट राहते आणि त्यावर बुरशी लवकर धरते. आतून-बाहेरून पॉलियुरेथेनचे पातळ तीन हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवावा. प्लायच्या कापलेल्या कडांना एक हात जास्त द्यावा, कारण पाणी पत्र्यातून कमी आणि कडेतून अधिक शिरते. पॉलिश मेमध्येच उरकावे. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर केलेल्या कामावर दमट हवेने पांढुरकी झाक येते.

टिळकवाडीचा_कुंचला

छत्रीचा विषय निघालेला नाही म्हणून लिहितो. उन्हात फलकावर आणि पॅलेटवर सारखा प्रकाश नसेल तर घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. छत्री पांढरी किंवा करडी असावी. रंगीत छत्रीची झाक चित्रावर पडते, आणि आपल्याकडे तांबड्या मातीवर उभे राहिले तर खालूनही लालसर प्रकाश येतोच. छत्रीची पकड डब्याला किंवा ट्रायपॉडला लावू नये, इतक्या हलक्या साधनाला वाऱ्याचा एक झोत पुरतो. ती जमिनीत खोचण्याची वेगळी दांडी असावी, किंवा झाडाची सावली शोधावी. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला आकडा असेल तर पाठीवरची पिशवी त्याला अडकवावी, दगड नेण्याची गरज पडत नाही. पिशवी जमिनीला किंचित टेकेल एवढी खाली सोडली म्हणजे वाऱ्यात ती झोके घेत नाही.

मलप्रभा_काठ

हे फार उपयोगी पडेल. प्लाय या आठवड्यात आणते आणि बाजूंसाठी शिवणीची फळी गावातील सुताराकडे विचारते. टी-नट की ॲल्युमिनियमची प्लेट, यात मी प्लेटच घ्यायचे ठरवले आहे. उद्यमबागेत एवढ्या लहान कामाला कोणी हात लावील का, की आटे पाडून आणण्यासाठी काही ओळख लागेल?

उद्यमबाग_लेथ

ओळख लागत नाही. सकाळी मशीन सुरू व्हायच्या वेळी जाऊ नका, दुपारच्या जेवणानंतर जा, आणि प्लेट स्वतः कापून, मध्यबिंदूवर पंच मारून न्या. भोक ५.१ मिलिमीटरच्या ड्रिलने पाडून त्यात पाव इंची टॅप फिरवायला फार वेळ लागत नाही. तुमचा ट्रायपॉड, निदान त्याची सुटी प्लेट, सोबत न्या आणि तेथेच स्क्रू फिरवून पाहिल्याशिवाय निघू नका.